१५ वर्षांच्या मुलाला खोलीच्या भिंती काळ्या हव्या आहेत. चवथीपूर्वी (गणेश चतुर्थीपूर्वी) घरच्या घरी रंग देऊन होईल का? खर्च किती येईल?

चवथीपूर्वी करू नका. बाकीचं पुढे सांगते, हे आधी.

जुनं चिऱ्यांचं, म्हणजे जांभ्या दगडाचं घर, पश्चिमेची खोली, खाली थोडी ओल आहे आणि पाहुणे यायच्या आत उरकायचंय, असं तुम्ही लिहिलंय. हे सगळं आमच्या घरात २०२२ मध्ये जसंच्या तसं घडलं आणि त्याचा ठपका माझ्या मुलीवर आला. म्हणून लिहायला बसले.

आमचं घर गोव्यात, डिचोली तालुक्यात, सासऱ्यांच्या वेळचं. थोरले दीर नोकरीमुळे बाहेर राहतात, पण देव इथे, म्हणून चवथ इथेच. त्या दिवसांत घरात पंचवीस-तीस माणसं असतात. त्या वर्षी चवथ ३१ ऑगस्टला होती. जुलैअखेरीस भाऊजी आले, घरभर फिरले आणि म्हणाले, "पोरीची खोली बघवत नाही. पाहुणे निजणार तिथे. क्रीम मारून घ्या." मुलगी तेव्हा दहावीत. तिला गडद निळा हवा होता, तसं ती म्हणालीसुद्धा. "देवाच्या दिवसांत असले काळेनिळे रंग?" एवढ्यावर विषय मिटला. खोली तिची, पण तिला कोणी विचारलं नाही. मीही गप्प बसले, ते माझं चुकलं.

चार दिवस उघडीप मिळाली. तेवढ्यात पेंटरनं भिंती घासल्या, पुट्टी भरली, प्रायमर मारला आणि वर प्लास्टिक इमल्शनचे दोन हात दिले. माटोळी (गणपतीवर टांगायची फळापानांची चौकट) बांधायच्या दिवशी खोली खरंच छान दिसत होती.

दसऱ्याच्या सुमारास पलंगामागे, जमिनीपासून हातभर वर, पुरीएवढा फुगा आला. मी बोटानं दाबला. मऊ लागला, फुटला आणि आतून पाण्याचा ओघळ आला. रंग केळीच्या सालीसारखा सोलून हातात आला. मागची पुट्टी भिजल्या पिठासारखी झालेली आणि तिच्यावर पांढरा खार, बारीक लवेसारखा उभा. दिवाळीपर्यंत ती अख्खी भिंत तीन फुटांपर्यंत सुटली. तिनं चिकटवलेलं अभ्यासाचं वेळापत्रक रंगासकट खाली आलं.

दिवाळीला भाऊजी आले तेव्हा सगळ्यांदेखत म्हणाले, "ही खिडक्या बंद ठेवते, ओले टॉवेल आत वाळत घालते, भिंतीला काय काय चिकटवते. मुलांच्या हातात खोली दिली की असंच होतं." ती एक शब्द बोलली नाही. पण त्यानंतर कित्येक महिने खोलीचं दार आतून लावलेलं असायचं.

टॉवेलानं भिंत तीन फूट भिजत नाही. आपल्याकडे वर्षाला सुमारे १२० इंच पाऊस पडतो आणि चिरा म्हणजे नुसती भोकं. तो जमिनीतलं पाणी पितो, पाणी वर चढतं, भिंतीच्या पृष्ठावर सुकतं आणि विरघळलेला खार तिथेच ठेवून जातं. चुन्याची भिंत हे पाणी बाहेर सोडते. इमल्शन ही प्लास्टिकची साय आहे, ती पाण्याची वाट अडवते. मग पाणी सायीलाच ढकलतं. सासरे होते तोवर या भिंतीला दरवर्षी चुना लागायचा, तोही पाऊस पुरता गेल्यावर. पणजीत फोंतांयन्हास या जुन्या पोर्तुगीजकालीन वस्तीतल्या घरांनासुद्धा पावसाळा सरल्यावर रंग द्यायची रीत आहे. चवथीपूर्वी इमल्शन मारायची घाई अलीकडची, आणि ती भिंतीसाठी नसते, पाहुण्यांसाठी असते.

एप्रिल २०२३ मध्ये तिची परीक्षा संपली. मे महिन्यात आम्ही दोघींनी खोली रंगवायला घेतली. मे मुद्दाम, कारण त्या सुमाराला भिंत वर्षभरातली सगळ्यात कोरडी असते. आधी बाहेर गेलो. परसातली माती वर्षानुवर्षं चढून जोत्याच्या वर आली होती आणि पागोळ्यांचं पाणी नेमकं तिथेच पडत होतं. माती उपसून जोतं उघडं केलं, कौलांखाली पन्हळ बसवली. तुम्हीही सुरुवात बाहेरूनच करा. आत कितीही महागाचा रंग लावा, बाहेरची माती तशीच राहिली तर पैसे पाण्यात.

मग आत सुटलेला रंग आणि पुट्टी खरवडून प्लास्टर उघडं केलं. खार कोरड्या ब्रशनं झाडून काढायचा, धुवायचा नाही. धुतला की पाण्याबरोबर पुन्हा आत शिरतो. तीन आठवडे भिंत तशीच उघडी ठेवली. वाळली की नाही हे पाहायला हातभर प्लास्टिक चारी बाजूंनी टेपनं घट्ट चिकटवा. दुसऱ्या दिवशी आतल्या बाजूला दव दिसलं तर थांबा. आम्हाला दोनदा दिसलं, दोन्ही वेळा थांबलो.

खालच्या तीन फुटांना चुना दिला, त्यात काव (तांबडी माती) घातली. वरती तिचा निळा. गडद रंग आपला नव्हे म्हणणाऱ्यांनी कोकण-गोव्यातली कावी कला पाहावी. पांढऱ्या चुन्यावर तांबड्या कावेचा थर चढवून, तो कोरून काढलेली नक्षी खुद्द देवळांच्या भिंतींवर आहे.

निळ्याचा पहिला हात इतका डागाळलेला दिसला की ती रोलर खाली ठेवून पायरीवर जाऊन बसली. दुसऱ्या हातालाही खालचा क्रीम डोकावत होता. तिसऱ्याला भिंत एकसारखी झाली. तुमच्या काळ्यालाही दोन हात पुरणार नाहीत. दुकानात अस्तराचा (प्रायमरचा) हात राखाडी करून मागा, एक हात वाचेल. मॅटच घ्या, चकचकीत काळ्यावर पुट्टीचा प्रत्येक उंचवटा दिसतो. उद्या त्याचं मन बदललं तर पांढऱ्या प्रायमरचा एक हात आणि वर दोन हात, की काळा गेला. काळा म्हणजे जन्मभराची गाठ नव्हे, एवढं घरच्यांना सांगा.

खर्चाचं म्हणाल तर भाव दुकानात विचारा, मी हिशेब देते. दहा बाय बारा फुटांची, दहा फूट उंच खोली दारं-खिडक्या वजा जाता पावणेचारशे-चारशे चौरस फूट भरते. दोन हातांसाठी लिटरला शंभर-सव्वाशे चौरस फूट धरा. तिसऱ्या हाताचा रंग वेगळा. मजुरी वाचते, पण चार-पाच दिवस मोडतात.

आमच्या भिंतीनं त्यानंतर २०२३, २०२४ आणि २०२५ असे तीन पावसाळे काढले. खालच्या पट्ट्याला थोडा खार येतो, तो ती स्वतः झाडते आणि दिवाळीनंतर चुन्याचा एक हात देते. निळा कुठेही सुटलेला नाही.

आता काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. चुना कपड्यांना लागतो, पलंग भिंतीला टेकवू नका. कळीचा चुना पाण्यात विरवताना उकळतो. प्लास्टिकची बादली नको, डोळ्यांना चष्मा हवा, आणि हे काम मुलाकडे देऊ नका. दारं-खिडक्यांवर जुना ऑइलपेंट असेल तर तो कोरडा घासू नका. घरगुती रंगात शिसं दशलक्ष भागांत ९० च्या वर नको हा नियम २०१६ चा, २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू. त्याआधीच्या रंगात किती असेल सांगता येत नाही. ओलं करून, तोंडाला मास्क लावून घासा. आणि खोली पहिल्या मजल्यावर असेल तर जमिनीची ओल नव्हे. मग कौलं आणि बाहेरची भिंत तपासा.

भाऊजी गेल्या चवथीला त्याच खोलीत निजले. रंगाबद्दल चांगलं-वाईट काही बोलले नाहीत. त्या टॉवेलाच्या बोलण्याबद्दल ते कधीतरी तिच्याशी बोलतील याची मी अजून वाट पाहते आहे. तुमच्याकडेही कोणी पाहुण्यांसाठी घाई करत असेल, तर त्यांचा तळवा त्या भिंतीला खालच्या बाजूला लावून दाखवा. मुलासमोर दाखवा.