ऑस्करचं 'नामांकन' की 'नामनिर्देशन'?

प्रश्न आलाय की सिनेमाला ऑस्करचं 'नामांकन' मिळालं म्हणायचं की 'नामनिर्देशन', आणि इंग्रजी सोडून बाकीच्या सिनेमांना 'परभाषिक' म्हटलं तर चालेल का.

आधी जे ऐकून ऐकून कान किटलेत ते. 'श्वासला २००४ साली ऑस्कर नामांकन मिळालं होतं' असं लोक अजूनही छातीठोकपणे सांगतात. नव्हतं हो मिळालं! इंग्रजी सोडून बाकीच्या भाषांतल्या सिनेमांसाठी ऑस्करचा वेगळा विभाग आहे, त्यातली ती भारताची प्रवेशिका होती, 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' आणि 'कोर्ट'चंही तेच. ऐंशी-नव्वद देश एकेक सिनेमा पाठवतात, त्यातनं १५ शॉर्टलिस्ट होतात, त्यातनं ५ उरतात, नामांकन फक्त त्या पाचांना. या विभागात आपल्या वाट्याला ते तीनदाच आलंय, मदर इंडिया, सलाम बॉम्बे, लगान.

निवडणुकीतलं नामनिर्देशनपत्र, बँकेतलं नामनिर्देशन वगैरे सगळ्यांना माहितीये, सोडा. खरी गंमत 'नामांकन'मधल्या 'अंक' मध्ये आहे. संस्कृतात अंक म्हणजे वाकडी वस्तू, आकडा, 'अंकुश' त्याच घरातला, मांडी म्हणजेही अंक, आणि खूण म्हणजेही अंक. मराठीत तर तारेवर टाकतात तो आकडा आणि मोजायचा आकडा, दोन्हीला शब्द एकच! तर नामांकन म्हणजे नाव कोरणं. वाल्मिकी रामायणात हनुमान सीतेला अंगठी दाखवतो ती 'रामनामाङ्कितं', म्हणजे नुसतं नाव घेतलेली नाही, नाव कोरलेली. 'निर्देश' म्हणजे काय, नुसतं बोट दाखवणं. म्हणून माझं म्हणणं असं की देश सिनेमा पाठवतो ते नामनिर्देशन आणि पाचांत आला की नामांकन, एवढा फरक पाळला तरी 'श्वास'चा घोळ आपोआप मिटेल. 'नामांकन' हिंदीतनं आलंय म्हणून नाक मुरडणारे शुद्धतावादी 'नामांकित डॉक्टर' मात्र बिनदिक्कत लिहितात, तेव्हा कुठे जाते शुद्धता?

हां, परभाषिक राहिलंच. ऑस्कर देणाऱ्या अकादमीनेच २०१९ मध्ये या विभागाच्या नावातलं 'परदेशी भाषा' काढून 'आंतरराष्ट्रीय' केलं, पण निम्म्याहून जास्त संवाद इंग्रजी नकोत हा नियम तसाच ठेवला आणि त्याच वर्षी नायजेरियाचा 'लायनहार्ट' इंग्रजी जास्त म्हणून बाद केला. म्हणजे नाव बदललं, चाळणी भाषेचीच. तेव्हा 'परभाषिक' चालेल, फक्त कुणाला पर ते बघा, कारण २०२४ मध्ये ब्रिटनने पाठवलेला 'संतोष' हिंदीत होता आणि तो शॉर्टलिस्टमध्ये गेला, आपला 'लापता लेडीज' राहिला बाहेर.