मेमँटिन आणि केटामिन : रिसेप्टर एक, परिणाम वेगळे

प्रश्न : माझ्या सासूबाईंना अल्झायमरसाठी मेमँटिन सुरू आहे. ही गोळी आणि भुलेचे केटामिन मेंदूतील एकच रिसेप्टर अडवतात, असे वाचले. मग एकाने माणूस बेशुद्ध होतो आणि दुसरे रोज घेऊनही तो हिंडताफिरता राहतो, हे कसे?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आपण वाचले ते खरे आहे. दोन्ही औषधे ‘एनएमडीए’ रिसेप्टरवर, म्हणजे चेतापेशीवरील संदेश टिपणाऱ्या एका प्रथिनावर, काम करतात. ग्लुटामेट हे चेतापेशींमधले संदेश नेणारे रसायन आणि त्याच्या जोडीला ग्लायसिन चिकटले की या रिसेप्टरमधली वाहिनी उघडते. तरीही तिच्यात मॅग्नेशियम अडकून बसलेले असते आणि चेतापेशी पुरेशी उत्तेजित झाल्यावरच ते बाजूला होऊन कॅल्शियमला वाट मिळते. शिकण्यासाठी आणि आठवणी पक्क्या होण्यासाठी हे कॅल्शियम लागते, म्हणून ही वाट सरसकट बंद करणे मेंदूला परवडत नाही.

दोन्ही औषधे वाहिनी उघडल्यावरच आत शिरतात. खरा फरक बाहेर पडण्यात आहे. एमके-८०१ हे प्रयोगशाळेतले रसायन वाहिनी मिटली की आतच कोंडले जाते आणि फार सावकाश सुटते. त्याने उंदरांच्या मेंदूतील पेशींना इजा होते, हे १९८९ मध्ये दिसून आले. केटामिन त्याहून लवकर सुटत असले, तरी तेही बहुतांशी कोंडलेच जाते. मेमँटिनचा काही भाग मात्र वाहिनी मिटण्याआधीच निसटतो, आणि त्यामुळे नेहमीच्या संदेशांना फारसा अडथळा न होता ग्लुटामेटचा सततचा अतिरेक तेवढा आवरला जातो, असे मानले जाते.

माझ्या मते, एवढ्यावरच सारा फरक ढकलणे योग्य नाही, कारण मात्रा आणि वेगही तितकेच महत्त्वाचे आहेत. भुलेचे केटामिन शिरेतून दिल्यावर मिनिटाच्या आत मेंदूवर परिणाम करते, तर मेमँटिन ५ मिलिग्रॅमपासून दर आठवड्याला वाढवत २० मिलिग्रॅमपर्यंत नेतात आणि रक्तातील त्याचे प्रमाण निम्मे व्हायलाच ६० ते ८० तास लागतात. मेमँटिन भलत्या मात्रेत पोटात गेले, तर त्यानेही भ्रम होऊ शकतो आणि शुद्ध हरपू शकते. दुसरीकडे, केटामिनचाच एक भाऊबंद असलेल्या एस्केटामिनच्या नाकातील फवाऱ्याला २०१९ मध्ये अमेरिकेत हट्टी नैराश्यासाठी मान्यता मिळाली. मेमँटिनचा नैराश्यावर तसा खात्रीचा उपयोग दिसलेला नाही.

सासूबाईंना चक्कर, डोकेदुखी, बद्धकोष्ठता किंवा गुंगी जाणवली, तर डॉक्टरांना सांगावे. गोळी परस्पर बंद करू नये. शस्त्रक्रियेची वेळ आलीच, तर भूलतज्ज्ञांना मेमँटिनची कल्पना द्यावी. कोरड्या खोकल्याच्या अनेक औषधांत डेक्स्ट्रोमेथॉर्फान असते आणि तेही हाच रिसेप्टर अडवते, म्हणून बाटलीवरील घटक वाचल्याशिवाय ते देऊ नये. अॅसिडिटीसाठी वरचेवर खाण्याचा सोडा घेण्याची सवय असल्यास तीही डॉक्टरांच्या कानावर घालावी, कारण लघवी अल्कधर्मी झाली की मूत्रपिंडांतून मेमँटिन बाहेर पडणे मंदावते आणि रक्तात ते साचू लागते.