प्रास्ताविक कुणाचं, परिचय कुणाचा?

प्रश्न : आमच्या गावच्या वाचनालयाच्या वर्धापनदिनाला मला प्रास्ताविक करायचं आहे. सूत्रसंचालन मैत्रीण करणार आहे. मग मी नेमकं काय बोलायचं? प्रास्ताविक, निवेदन, मनोगत मला सारखीच वाटतात. आणि पाठ करू की कागद घेऊ?
— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : शाळेत नवी लागले तेव्हा मलाही सारखीच वाटायची. पहिल्याच प्रास्ताविकात मी उत्साहानं पाहुण्यांचं जन्मगावापासून पुरस्कारांपर्यंत सगळं सांगून टाकलं. मग परिचय करून देणारे सर उठले, ‘माझं काम बाईंनी केलंच आहे’ म्हणाले आणि बसले. सगळा हॉल हसला. मी सोडून.

तर प्रास्ताविकात सांगायचं एवढंच, की आज आपण इथे का जमलो आहोत. वाचनालय कधी सुरू झालं, पुस्तकं किती, सभासद किती, यंदा नवं काय. पाहुण्यांबद्दल एक वाक्य पुरे. देणगीदारांची नावं आभार मानणाऱ्यासाठी ठेवा, नाहीतर त्या बिचाऱ्याला काही उरत नाही. लहानपणी तुम्ही तिथे कोणती पुस्तकं वाचलीत, हे झालं मनोगत. ते सत्कारमूर्तीला शोभतं. मैत्रीण एकाचं बोलणं दुसऱ्याशी जोडून देईल. गाण्याच्या मैफलीत त्यालाच निवेदन म्हणतात.

पाहुणे एखादा विषय घेऊन तो उलगडणार असतील, तर पत्रिकेत ‘व्याख्यान’ छापा. न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 मध्ये पुण्यात सुरू केली तीही वसंत ‘व्याख्यान’माला. अध्यक्षांच्या नावाची सूचना कुणी मांडली आणि अनुमोदन तुमच्याकडे आलं, तर एका वाक्यात द्या. आमच्याकडे एकदा अनुमोदन 12 मिनिटं चाललं. तोवर अध्यक्ष श्रोत्यांतच बसून!

व्यासपीठ म्हणजे मुळात पुराण सांगणाऱ्याची, व्यासांची जागा. म्हणून काही संस्था आवर्जून ‘विचारपीठ’ म्हणतात. तुमच्याकडे कोणता शब्द चालतो ते आधी विचारून घ्या.

पाठ मुळीच करू नका. मध्येच एक वाक्य निसटलं की पुढची सगळी रांग कोसळते. पहिलं आणि शेवटचं वाक्य तेवढं तोंडात बसवा. बाकी पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर पाच-सहा शब्द आणि सगळे आकडे ठळक लिहा. साधा कागद नको, हात थरथरला तर माईकमधून त्याचीच फडफड ऐकू येते. माईक तोंडापासून चार बोटं लांब. त्यावर फुंकर नको, टकटकही नको. ते मंडपवाल्यानं सकाळीच केलेलं असतं.

घरी घड्याळ लावून मोठ्यानं बोलून बघा. मनातल्या मनात चार मिनिटांत संपतं ते माझं तरी माईकवर सहा मिनिटं घेतं, तेव्हा आधीच कापा. आणि ‘एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवते’ नको. शेवटचं वाक्य झालं की मैत्रिणीकडे बघा आणि खुर्चीवर जाऊन बसा.