मोठ्या चर्चच्या मदतकार्यात सामील व्हावं का, आणि देणगी द्यावी का?

तुम्ही लिहिलंय की ह्यूस्टनला येऊन फार दिवस झालेले नाहीत. घराजवळच्या एका अवाढव्य चर्चने शाळा सुरू होण्याआधीच्या दप्तरवाटपाला आणि महिन्याच्या अन्नवाटपाला मदतीला बोलावलंय, सोबत देणगीचं पाकीटही दिलंय. पण टीव्हीवर दिसणाऱ्या, कोट्यवधींच्या घरात राहणाऱ्या पास्टरवर तुमचा विश्वास बसत नाही आणि त्यांचं समाजकार्य हा देखावा असावा असं वाटतं.

माझं उत्तर आधीच सांगते. कामाला जरूर जा. पैसे मात्र लेखापरीक्षित ताळेबंद पाहिल्याशिवाय देऊ नका. मी या शहरात ना-नफा संस्थांचे हिशेब तपासण्याचं काम करते, आणि तुमच्या शंकेतला बराच भाग मला योग्य वाटतो. फक्त ती शंका पास्टरच्या स्वभावाकडे वळली की तिचा उपयोग उरत नाही. माणूस आतून कसा आहे हे आपल्याला लांबून कळत नाही, बहुधा जवळूनही नाही.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण याच शहरातलं आहे. कर्बीजॉन काल्डवेल रोखेविक्रीची नोकरी सोडून पास्टर झाले. १९८२ मध्ये विंडसर व्हिलेज युनायटेड मेथडिस्ट चर्च त्यांच्याकडे आलं तेव्हा तिथे जेमतेम २५ माणसं येत. पुढे सभासदसंख्या १४,००० च्या वर गेली. बंद पडलेलं केमार्टचं दुकान घेऊन चर्चने तिथे 'पॉवर सेंटर' उभं केलं. त्यात बँकेची शाखा, दवाखाना, कॉलेजचे वर्ग सुरू झाले, आणि तेही अशा वस्तीत जिथे बँका पाऊल ठेवायला तयार नव्हत्या. चर्चच्या पुढाकाराने 'कोरिंथियन पॉइंट' ही मध्यम आणि कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी शेकडो घरांची वसाहत झाली. हे काहीही खोटं नव्हतं. ती घरं आजही उभी आहेत, माणसं त्यांत राहतात. जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या २००१ आणि २००५ अशा दोन्ही शपथविधींत काल्डवेल यांनी प्रार्थना केली होती.

२०१८ मध्ये त्यांच्यावर आरोपपत्र दाखल झालं. चीनमध्ये कम्युनिस्ट सत्ता येण्याआधीच्या सरकारने काढलेले जुने रोखे त्यांनी आणि लुइझियानातल्या एका आर्थिक सल्लागाराने लोकांना गुंतवणूक म्हणून विकले होते. त्या रोख्यांवर आजचं चीन सरकार एक पैसाही देत नाही. संग्राहकाच्या कपाटात ठेवण्यापलीकडे त्यांना किंमत नाही. गुंतवणारे बहुतेक वयस्क होते, काहींनी तर निवृत्तीसाठी घेतलेल्या ॲन्युइटी, म्हणजे पेन्शनसारख्या योजना, मोडून पैसे दिले. एकूण रक्कम सुमारे ३५ लाख डॉलर. त्यातले जवळपास ९ लाख काल्डवेल यांनी स्वतःची कर्जं आणि क्रेडिट कार्डं फेडायला वापरले. मार्च २०२० मध्ये त्यांनी गुन्हा कबूल केला आणि जानेवारी २०२१ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली.

आता सांगा, पॉवर सेंटर पाहून या माणसाबद्दल काय ठरवलं असतं? किंवा खटला पाहून त्या घरांबद्दल काय म्हणायचं? माझ्या मते इथे नीट समजून घेण्याची गोष्ट अशी, की खऱ्या कामातून मिळालेली पत त्या कामापुरती राहत नाही. ज्याने वस्तीत बँक आणली, तो रोख्यांबद्दल खोटं कशाला सांगेल, असं माणसाला वाटतंच. म्हणून 'त्यांनी किती लोकांचं भलं केलंय' हे वाक्य मी कुठल्याही धर्माच्या, कुठल्याही गुरूबद्दल पुरावा म्हणून मानत नाही. आणि 'सगळे चोर आहेत' हेही मानत नाही. त्यात सुक्याबरोबर ओलंही जळतं.

मग पुरावा कशाचा मानायचा? कागदाचा. आणि इथेच अमेरिकेतल्या चर्चची गोष्ट वेगळी होते. इथली बहुतेक करमुक्त सेवाभावी संस्था दरवर्षी 'फॉर्म ९९०' भरते. पैसे कुठून आले, कुठे गेले, वरच्या पदांवरच्या लोकांना पगार किती, हे सगळं त्यात असतं आणि ते कोणालाही पाहता येतं. चर्चला हा फॉर्म भरावाच लागत नाही. शिवाय १९८४ च्या कायद्याने कर खात्याला चर्चची तपासणी सुरू करायलाही खास अटी घातल्या आहेत. २००७ मध्ये सिनेटर चक ग्रासली यांनी केनेथ कोपलंड, क्रेफ्लो डॉलर, बेनी हिन, जॉइस मायर, पॉला व्हाइट आणि एडी लाँग अशा सहा प्रसिद्ध प्रचारकांकडे खर्चाचा तपशील मागितला. मायर आणि हिन यांनी बरीच माहिती दिली, बाकीच्यांनी पुरती दिली नाही, आणि २०११ च्या जानेवारीत चौकशी कुणावरही कारवाई न होता संपली.

महाराष्ट्रातून आलेल्या आपल्यासारख्यांना हे विचित्र वाटतं. तिकडे १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली गावच्या देवळाच्या ट्रस्टलाही धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी करावी लागते आणि हिशेब द्यावे लागतात. त्याने सगळे ट्रस्ट स्वच्छ राहतात असं मुळीच नाही, आपण बातम्या वाचतोच. पण गावातल्या माणसाला भांडायला हातात काहीतरी असतं.

हातात काही नसलं की संशय कशावरही पोसला जातो. तुम्ही बहुधा लेकवुड चर्चची हार्वे वादळातली गोष्ट ऐकली असेल. पूर्वी रॉकेट्स संघाचे बास्केटबॉलचे सामने जिथे होत, ते सुमारे १६,००० आसनांचं सभागृह २००५ पासून टीव्हीवर प्रवचन देणारे पास्टर जोएल ओस्टीन यांचं चर्च, म्हणजे लेकवुड, आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये शहराच्या काही भागांत ४० इंचांहून जास्त पाऊस कोसळला. ह्यूस्टन विद्यापीठात सुमारे २०० भारतीय विद्यार्थी पाण्यात अडकल्याचं सुषमा स्वराज यांनी ट्वीट केलं होतं, ते पुष्कळांना आठवत असेल. लेकवुडने पुरामुळे चर्चपर्यंत पोहोचता येत नसल्याचं जाहीर केलं. लोकांनी आसपासच्या कोरड्या रस्त्यांचे फोटो टाकले आणि देशभर संताप उसळला. २९ ऑगस्टला चर्चचे दरवाजे उघडले. तोवर जिम मॅकइंगव्हेल या फर्निचरवाल्याने आपली दुकानं पूरग्रस्तांना खुली केली होती, मशिदींनी केली होती.

या एका बाबतीत मी चर्चची बाजू थोडी तरी घेईन. २००१ च्या ॲलिसन वादळात ही इमारत पाण्याखाली गेली होती, आणि हार्वेच्या वेळीही तळघराच्या पार्किंगमध्ये पाणी शिरलं होतं. हजारो माणसं आत घेऊन मग पाणी चढलं असतं तर काय झालं असतं, ही भीती खोटी नव्हती. तरीही लोक इतके चिडले, कारण त्या फोटोंआधीही वर्षानुवर्षं त्यांच्या मनात प्रश्न साचले होते आणि विचारायला जागा नव्हती.

फोटोपेक्षा मला कितीतरी महत्त्वाचे वाटतात ते आकडे. २०१८ मध्ये ह्यूस्टन क्रॉनिकल या दैनिकाने लेकवुडचे हिशेब मिळवून छापले. मार्च २०१७ ला संपलेल्या वर्षात उत्पन्न सुमारे ९ कोटी डॉलर. टीव्हीवरच्या कार्यक्रमांवर सुमारे अडीच कोटी. आणि मिशन व समाजकार्य या सदराखाली सुमारे १२ लाख, म्हणजे दीड टक्क्याच्याही आत. यात बेकायदा काही नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. ओस्टीन चर्चकडून पगार घेत नसल्याचं सांगतात. त्यांची मिळकत पुस्तकांची आहे. प्रवचन आणि उपासना हेच आमचं मुख्य काम, असं चर्च म्हणू शकतं आणि ते खरंच आहे. पण 'माझे पैसे गरिबाच्या ताटात जातील' असं समजून कुणी पाकिटात चेक घालत असेल, तर त्याला हे प्रमाण आधी कळायला हवं. माझा आग्रह एवढाच आहे, आणि तो फार मोठा नाही.

हार्वेनंतर मी स्वतः दुसऱ्या एका मोठ्या चर्चच्या गटाबरोबर घरं साफ करायला जात असे. नाव घेत नाही. ओला गालिचा गुंडाळून रस्त्याकडेला टाकायचा, बुरशी चढायच्या आत भिंतींचं कमरेपर्यंतचं शीटरॉक, म्हणजे जिप्समच्या फळ्या, पहारीने उचकटायचं, मागचा उष्णतारोधक कापूस ओढून काढायचा. बरोबर रिफायनरीतून निवृत्त झालेले आजोबा होते, रात्रपाळी करून थेट आलेली नर्स होती. त्यांच्यापैकी एकानेही आम्हाला धर्म विचारला नाही. अशा माणसांवर पास्टरच्या बंगल्यामुळे अविश्वास दाखवणं अन्याय आहे, म्हणूनच मी तुम्हाला जा म्हणते.

त्याच चर्चच्या कार्यालयात मी विचारलं की मदतनिधीतले किती खर्च झाले. किती जमले ते अभिमानाने सांगितलं गेलं. खर्चाचं विचारल्यावर मात्र येशूचं वचन ऐकवलं गेलं: उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू नये. मला त्या उत्तराचा आजही राग येतो. ते वचन स्वतःच्या खिशातून देणाऱ्याच्या नम्रतेसाठी आहे. दुसऱ्यांनी दिलेले पैसे जो सांभाळतो, त्याला त्या वचनाआड लपता येत नाही.

धर्मांतराची शंका तुम्ही नुसती सूचित केलीत, पण ती आपल्यातल्या अनेकांच्या मनात असते. हा वाद आपल्याला नवा नाही. १८९३ मध्ये पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनावरून, म्हणजे विधवांसाठीच्या त्यांच्या शाळेवरून, पुण्यात तोच पेटला होता आणि रानडे, भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडलं होतं. त्याच रमाबाईंनी पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली आणि बायका केडगावला आणून जगवल्या. दोन्ही खरं आहे. म्हणून धर्माचा प्रश्न आणि पैशाचा प्रश्न वेगवेगळे विचारावेत. इथल्यापुरतं सांगायचं तर केंद्र सरकारच्या योजनेतलं धान्य वाटताना प्रार्थनेची अट घालता येत नाही, रांगेतल्या माणसाचा धर्म पाहता येत नाही. तशी अट दिसली तर हे धान्य पुरवणाऱ्या फूड बँकेला कळवा.

फूड बँकेचा उल्लेख मुद्दाम केला. चर्चच्या पार्किंगमध्ये फलक चर्चचा असतो, पण खोक्यांतलं सामान पुष्कळदा ह्यूस्टन फूड बँकेकडून आलेलं असतं. चर्च, मशिदी, शाळा या तिच्या वाटप करणाऱ्या भागीदार. ती फॉर्म ९९० भरते. त्याच रांगेतल्या त्याच माणसासाठी पैसे द्यायचे असतील, तर ते तिथे दिलेत की त्यांचा माग तुम्हाला लागतो.

दप्तरवाटपाला गेलात की समन्वयकाला नम्रपणे तीन गोष्टी विचारा. गेल्या वर्षीचा लेखापरीक्षित ताळेबंद सभासद नसलेल्याला मिळतो का. चर्चच्या कारभारी मंडळावर पास्टरच्या घरचे आणि पगारी नोकर सोडून बाहेरची माणसं किती. आणि दप्तरांसाठी दिलेले पैसे उरले तर कुठे वळवले जातात, हे लिहून मिळेल का. लहानसहान चर्चही हे सगळं आनंदाने देतात, मी स्वतः पाहिलंय; काही तर सभासदांच्या वार्षिक सभेत छापील प्रती वाटतात. तेव्हा 'चर्चमध्ये असं विचारत नाहीत' असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. ताळेबंद मिळाला आणि वाचताना अडलात तर त्यातले आकडे इथे टिप्पणीत लिहा, चर्चचं नाव नको. मी बघून सांगते.