एकदा उकळलेलं पाणी पुन्हा पुन्हा उकळून प्यायलं तर अपाय होतो का?

सकाळी उकळलेलं पाणीच तुमच्या सासूबाई संध्याकाळी परत उकळतात, त्यानं पाणी विषारी होतं असं शेजारी म्हणाले, आणि घरात चार महिन्यांचं बाळ वरच्या दुधावर आहे, म्हणून तुम्ही धास्तावलात. आधी एवढंच सांगते, सासूबाईंना काही बोलू नका. नळाला येणारं महापालिकेचं पाणी दोनदा काय, चारदा उकळलं तरी विषारी होत नाही.

मी इथे नाशिकला बरीच वर्षं अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवली. मुलंही हेच विचारायची. उकळल्यानं पाण्यातले जंतू मरतात, वाफ निघून जाते आणि विरघळलेले क्षार मागे राहतात. पुन्हा उकळलं की आणखी थोडी वाफ जाते, बस. झाकण ठेवून खळखळ उकळी आली की मिनिटभरात गॅस बंद केलात, तर पाणी आटतं ते नावापुरतंच. ते थोडं बेचव लागतं, कारण त्यातली हवा निघून गेलेली असते. या भांड्यातून त्या भांड्यात उंचावरून ओतलं की चव बरीचशी परत येते.

पण तुम्ही लिहिलंय की उन्हाळ्यात सोसायटीच्या टाकीत बोअरचं पाणी मिसळतात. माझी काळजी तिथे आहे. बोअरचं पाणी उकळलं की पातेल्याच्या तळाशी पांढरा थर बसतो, नखानं खरवडला तर खपली निघते. तो थर चुन्याचा, त्यानं काही होत नाही, उलट तेवढं पाणी मऊ झालेलं असतं. धोका असतो न दिसणाऱ्या नायट्रेटचा. शेतातली खतं आणि सांडपाणी झिरपून ते भूजलात उतरतं, आणि उकळून ते जात नाही. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. समजा तुमच्या पाण्यात ४० आहे आणि पाच लिटरचं आटून चार लिटर उरलं, तर तेच ५० होतं. मोठ्या माणसाला एवढ्यानं लगेच काही होणार नाही, पण सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद नायट्रेटमुळे कमी होऊ शकते, अंग निळसर पडतं. म्हणून बाळाच्या दुधासाठी बोअरचं पाणी नकोच, एकदा उकळलेलंही नको. नळाचं पाणी वेगळं भरून ठेवा आणि दर वेळी ताजं उकळा.

सासूबाईंच्या मनात कदाचित जुना नेम असेल. दिवसा उकळलेलं पाणी रात्री जड होतं, असं आयुर्वेदात सांगितलंय, आणि आमच्या आईकडेही संध्याकाळी सकाळचं पाणी ओतून देत. मला त्यात मोठा शहाणपणा दिसतो, कारण उकळलेलं पाणी बिघडतं ते साठवताना.

आमच्या घरीच झालं. एका पावसाळ्यात नातवाला जुलाब लागले, पाणी तर रोज उकळत होतो. मग एका दुपारी पाहिलं, तो खेळून आला, हात न धुता पिंपात पेला बुडवला, बोटं पार मनगटापर्यंत पाण्यात. त्या दिवसापासून तोटीचं पिंप आणलं, आणि वर घट्ट झाकण. तुमच्याकडे तोटी नसेल तर लांब दांड्याचं ओगराळं ठेवा, पण ते पिंपातच सोडू नका, बाजूला टांगा.

टीडीएस मीटरवर विसंबू नका, तो एकूण क्षार दाखवतो, नायट्रेट वेगळं दाखवत नाही. बोअरचा नमुना स्वच्छ बाटलीत भरून भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या किंवा दुसऱ्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्या. रिपोर्ट आला की नायट्रेटचा आकडा इथे लिहा, मी बघून सांगते.