शिकागोत वस्तीपातळीवर इतकं संघटन झालं, मग गोऱ्या-काळ्या वस्त्या वेगळ्याच का राहिल्या?

तुम्ही सॉल अलिन्स्की या वस्तीसंघटकाचं नाव घेऊन विचारलंय, की त्याच्यासारख्यांनी वस्त्यावस्त्यांतून लोक उभे केले, तरी वर्णभेद का हटला नाही. संघटना कमी पडल्या का? माझ्या मते प्रश्न उलटा करायला हवा. काही संघटना कमी पडल्या नाहीत. त्या फार छान चालल्या, आणि म्हणूनच भिंत पक्की झाली.

मी शिकागोच्या दक्षिण भागात चार वर्षं राहिलो. खोली घेतली त्याच दिवशी घरातल्या जुन्या भाडेकरूने बजावलं होतं, एकसष्टाव्या रस्त्यापलीकडे पायी जाऊ नकोस. पलीकडे वुडलॉन, काळ्यांची वस्ती. मी गेलोच. चर्चं होती, न्हाव्याचं दुकान होतं, आणि घरं पाडून मोकळ्या पडलेल्या जागा. ही सूचना आली कुठून, हे शोधताना मी या विषयात अडकलो.

सुरुवात ‘बॅक ऑफ द यार्ड्‌स’पासून करू. अवाढव्य खाटिकखान्यांच्या मागची ही कामगारवस्ती. पोलिश, लिथुआनियन, स्लोव्हाक, आयरिश, मेक्सिकन. प्रत्येकाचं चर्च वेगळं, प्रार्थनेची भाषा वेगळी, आणि एकमेकांशी फारसं पटायचं नाही. १९३९ मध्ये अलिन्स्की आणि जोसेफ मीगन यांनी या सगळ्यांना एका परिषदेत बसवलं. पाद्री आणि डाव्या युनियनचे लोक एकाच व्यासपीठावर! युक्ती साधी होती: तुमचं भांडण राहू दे, पण मुलांचं जेवण, दवाखाना, कामावरची मजुरी यात तुमचा फायदा एकच आहे. गंमत म्हणजे खाटिकखान्याच्या आत त्याच युनियनमध्ये काळे आणि गोरे कामगार एकत्र होते. भोंगा झाला की मात्र काळा कामगार पूर्वेकडच्या आपल्या वस्तीत जायचा. परिषद वस्तीची होती, आणि तो वस्तीत राहत नव्हता.

पन्नाशीच्या दशकात याच परिषदेने स्थानिक पतसंस्थांवर दबाव आणला, की घरदुरुस्तीला आणि नव्या घरांना कर्ज द्या, नाहीतर आमच्या ठेवी काढून घेऊ. त्यांनी दिलं. वस्ती सुधारली, लोक टिकले, आणि वस्ती गोरीच राहिली. अलिन्स्कीने पुढे स्वतःच उघडपणे म्हटलं, की ही परिषद आता काळ्यांना बाहेर ठेवण्याचं साधन झाली आहे. आपल्याच हातच्या कामाबद्दल असं म्हणायला छाती लागते. पण मला वाटतं, बीज पहिल्याच दिवशी पेरलं होतं. ‘आपला फायदा’ म्हटलं की ‘आपले कोण’ हे आधीच ठरलेलं असतं.

मात्र सगळा दोष त्या पोलिश-लिथुआनियन कुटुंबांच्या मनातल्या द्वेषावर टाकू नका. द्वेष होताच, १९६६ च्या ऑगस्टमध्ये तिथून जवळच मार्केट (Marquette) पार्क भागात मार्टिन लूथर किंग यांच्या डोक्यात दगड बसला. पण त्या भीतीला सरकारी शिक्का होता. फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशन ही केंद्र सरकारची संस्था १९३४ पासून घरकर्जाला हमी देत असे, आणि वेगळ्या वर्णाचे लोक वस्तीत येणं हा घराच्या किमतीला धोका, असं त्यांच्याच नियमपुस्तिकेत होतं. मग दलाल आले. एखाद्या काळ्या बाईला पैसे देऊन बाबागाडी ढकलत गोऱ्यांच्या गल्लीतून फिरवायचं, दुसऱ्या दिवशी दारं वाजवायची: ‘विका, उद्या याहून कमी मिळेल.’ गोऱ्याकडून स्वस्तात घ्यायचं आणि काळ्याला दामदुपटीने विकायचं.

ही विक्री कशी व्हायची ते आपल्याकडे जमीनजुमल्याचे व्यवहार पाहिलेल्या कुणालाही पटकन समजेल. समजा, तुम्हाला फक्त साठेखत दिलं. वीस-पंचवीस वर्षं हप्ते भरा, दुरुस्ती तुम्ही करा, कर तुम्ही भरा. खरेदीखत शेवटच्या हप्त्यानंतर. एक हप्ता चुकला की घर परत, भरलेले पैसे बुडाले, आणि विकणारा तेच घर पुढच्याला द्यायला मोकळा. बँक काळ्यांना कर्ज देत नसल्याने दुसरा रस्ता नव्हता. शिकागोच्याच नॉर्थ लॉनडेल वस्तीतलं एक गाजलेलं उदाहरण: विकणाऱ्याने १२,००० डॉलरला घेतलेलं घर सहा महिन्यांत २७,५०० डॉलरला विकलं.

१९६८ मध्ये तिथल्याच खरेदीदारांनी ‘काँट्रॅक्ट बायर्स लीग’ काढली. जेझुइट या कॅथलिक संघाच्या एका विद्यार्थ्याने आणि मॉन्सिन्यॉर जॉन ईगन या कॅथलिक पाद्र्यांनी मदत केली, पण जीव खरेदीदारांचा होता. त्यांनी आधी काय केलं? जमिनीच्या नोंदी काढल्या. आपल्या घराची आधीची किंमत किती होती, हे बऱ्याच जणांना तेव्हा पहिल्यांदा कळलं. तोवर फसलो म्हणून जो तो घरात लाजून गप्प बसलेला. मग हप्ते रोखले. शेरीफची माणसं सामान रस्त्यावर टाकायची, आणि ती गेली की शेजारी ते उचलून परत घरात लावायचे. कोर्टातले मोठे खटले ते पुढे हरले. पण शेकडो करार नव्याने ठरले आणि अनेकांचे पैसे वाचले.

मला हा टप्पा सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण इथे पहिल्यांदा बोट शेजाऱ्याकडून हिशेबाच्या वहीकडे वळलं. पश्चिमेकडच्या ऑस्टिन वस्तीतल्या गेल सिंकोटा, सहा मुलांची गोरी आई, तीच वाट पुढे चालल्या: काळा शेजारी आला म्हणून वस्ती मरत नाही, बँक हात काढून घेते म्हणून मरते. त्यांच्या चळवळीच्या रेट्याने १९७५ मध्ये कायदा झाला, की बँकांनी कुठल्या भागात किती घरकर्ज दिलं ते जाहीर करायचं. १९७७ मध्ये दुसरा आला, ज्यात बँकेला आपल्या परिसराची, गरीब वस्त्यांसकट, कर्जाची गरज भागवण्याची जबाबदारी दिली.

तोवर ऑस्टिनमधली बहुतेक गोरी कुटुंबं मात्र घरं विकून निघून गेली होती.