स्पेंट वॉशपासून हायड्रोजन: आधी उजेडाचं बघा

तुम्ही विचारलंय की डिस्टिलरीच्या स्पेंट वॉशमध्ये, म्हणजे अल्कोहोल काढल्यावर उरणाऱ्या सांडपाण्यात, जांभळे प्रकाशसंश्लेषी बॅक्टेरिया वाढवून हायड्रोजन काढता येतो का आणि एमएस्सीच्या प्रोजेक्टला हा विषय घ्यावा का. घ्या की, गॅस निघतो. पण कच्च्या स्पेंट वॉशमध्ये थेट कल्चर ओतून बाटली गच्चीवर ठेवायची असा प्लॅन असेल तर महिना फुकट जाईल, माझा गेलाय.

खाद्याची अडचण नाहीच. मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढलं की 8 ते 15 लिटर स्पेंट वॉश पडतं, सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय मालाचं माप) लिटरला लाखभर मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे बॅक्टेरियांना जेवणावळच. अडचण रंगाची आहे. मेलॅनॉइडिन या तपकिरी रंगद्रव्यामुळे ते पाणी कोऱ्या चहापेक्षा काळं, काचेला लागून असलेल्या थरापलीकडे उजेड जातच नाही, मग आतले बॅक्टेरिया करणार काय? मी दहापट पातळ केलं, पीएच चारच्या आसपास होता तो सातवर आणला, तेव्हा कुठे चौथ्या दिवशी बाटली लालसर दिसायला लागली, म्हणजे बॅक्टेरिया वाढायला लागले. आणि पांढरा एलईडी लावू नका हो, यांना 800 ते 880 नॅनोमीटरचा, आपल्या डोळ्यांना न दिसणारा प्रकाश लागतो, त्यापेक्षा जुना 100 वॅटचा पिवळा बल्ब बरा, फक्त बाटली तापू देऊ नका, 30 डिग्रीच्या आसपास ठेवा.

दुसरी गोची अमोनियाची. इथे हायड्रोजन बनवतं ते नायट्रोजिनेज नावाचं एन्झाइम, त्याचं खरं काम हवेतला नायट्रोजन पकडायचं, आयता अमोनिया मिळाला की बॅक्टेरिया ते बनवायचंच बंद करतात. बाटली मस्त लाल होते, गॅस शून्य!

आणि काम दोन टप्प्यांत करा. आधी अंधारात फर्मेंटेशन, त्यात साखरेची अ‍ॅसिटिक, ब्युटिरिक अ‍ॅसिडं होतात आणि थोडा हायड्रोजन तिथेच सुटतो, मग ते पाणी उजेडातल्या बाटलीत. कागदावर ग्लुकोजच्या एका रेणूमागे हायड्रोजनचे 12, अंधारात जास्तीत जास्त 4 आणि उरलेले 8 उजेडात, प्रत्यक्षात बरेच कमी. चेन्नईच्या मुरुगप्पा चेट्टियार रिसर्च सेंटरवाल्यांनी 100 घनमीटरच्या रिअ‍ॅक्टरमध्ये तीन बॅक्टेरिया एकत्र वापरून, त्यात एक प्रकाशसंश्लेषी, सुमारे 21 किलो हायड्रोजन काढल्याचा पेपर 2008 चा आहे, तो आधी वाचा. कारखाने मात्र मिथेनचे डायजेस्टर, म्हणजे स्पेंट वॉश कुजवून मिथेन काढायच्या टाक्या, सोडून इकडे वळणार नाहीत, त्यांचा बॉयलर त्या गॅसवर चालतो, त्यामुळे स्टार्टअपचं स्वप्न सध्या बाजूला ठेवा.

गॅस मोजताना आधी कॉस्टिक सोड्याच्या पाण्यातून सोडा, ते कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं. पहिल्यांदा सिलिंडरमध्ये 60 मिली बघून मी गाइडना फोन केला होता, त्यातला बराचसा कार्बन डायऑक्साइड निघाला. सिलिकॉनची नळीही नको, हायड्रोजन तिच्यातून पळतो.

सँपल कुठलं मिळतंय ते कळवा, डायजेस्टरच्या आधीचं की नंतरचं. नंतरचं असेल तर त्यातली अ‍ॅसिडं मिथेन बनवणाऱ्या जंतूंनी आधीच खाल्लेली असतात आणि अमोनिया भरपूर, ते आणूच नका.